पाव पाव नंबरची गंमत

आमच्या चष्म्याच्या दुकानात एक महाभाग आहे. काचा कापून फ्रेममध्ये बसवणं हे त्याचं काम आणि दुसऱ्यांची टोपी उडवणं हा धंदा. सगळे त्याला फिरकी म्हणतात आणि त्याला ती पदवी वाटते. कुणाच्या खुर्चीला डिंक लाव, कुणाच्या डब्यात खडू ठेव. अकलेचा उजेड एवढाच. मी तेव्हा काउंटरवर गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवायचे, त्यामुळे त्याचं खिदळणं दिवसभर माझ्या पाठीशी असायचं.

त्याच्या शेजारच्या टेबलावर भिंगकाका. तयार झालेला प्रत्येक चष्मा ते तपासायचे. आधी यंत्रात घालून नंबर बघायचा, मग दिव्यासमोर धरून ओरखडा शोधायचा. एकतीस वर्षं हेच. केसाएवढी रेघ दिसली तरी चष्मा परत फिरकीच्या टेबलावर, तोंडातून अक्षर न काढता. फिरकीला ते झोंबायचं.

काकांनाही थट्टा यायची बरं का. एकदा मालकीणबाई आम्हाला झापत होत्या, "काच अशी हवी की आहे की नाही तेच कळू नये." दुसऱ्या दिवशी काकांनी बाईंच्याच चष्म्यातल्या काचा काढून ठेवल्या. बाईंचा नंबर अगदी नावापुरता. रिकामी फ्रेम लावून त्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत रुबाबात फिरल्या. मग डोळा खाजवायला गेल्या, तर बोट थेट डोळ्याला. आम्ही पटापट माना खाली घातल्या. बाई मात्र खुर्चीत बसून पोट धरधरून हसल्या. अजूनही गिऱ्हाईक आलं की ती गोष्ट त्या स्वतः सांगतात, आणि दर वेळी थोडं मीठमसाला लावून.

फिरकीने यातून काय घेतलं? काचा. बाकी काही त्या टाळक्यात शिरलं नाही.

काका जेवण झालं की चष्मा टेबलावर ठेवून पंधरा मिनिटं डुलकी काढायचे. एका सोमवारी तेवढ्यात फिरकीने त्यांच्या काचा बदलल्या. पाव नंबर कमी. आकार तोच, फ्रेम तीच. पुढच्या सोमवारी आणखी पाव. पहिल्या दिवशी त्याने आम्हाला डोळा मारला आणि आम्ही हसलो. मीही हसले. त्याला नावं ठेवायला मी काही धुतल्या तांदळासारखी नाही.

आता तुम्ही म्हणाल, दिवसभर लोकांचे चष्मे तपासणाऱ्या माणसाने स्वतःचा एकदा यंत्रात घालून का पाहिला नाही? काकांची आई साठीत आंधळी झाली होती. काका अठ्ठावन्नचे. तो दिवस आपल्यालाही येणार हे त्यांनी केव्हाच गृहीत धरलं होतं, त्यामुळे संशय चष्म्यावर गेलाच नाही. आणि डोळे गेले म्हणजे ते टेबल गेलं. म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या आठवड्यापासून ते ओरखडा नखाने शोधायला लागले. काच माझ्याकडे सरकवून हळूच विचारायचे, "पोरी, ही रेघ आहे की मला भास होतोय?" मी सांगायचे. फिरकी मागे तोंडात रुमाल कोंबून बसायचा. मी त्याला म्हटलं, "बस झालं आता." तर म्हणे, "अगं, दोन नंबर पुरे होऊ देत, मग खरी मजा." आणि मी गप्प बसले.

आठव्या सोमवारी चहाच्या वेळी त्याने बाईंसकट सगळ्यांना जमवलं. काकांचा चष्मा यंत्रात ठेवला आणि म्हणाला, "काका, नंबर बघा बरं." काकांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. तेव्हा या शहाण्याने खिशातून त्यांच्या मूळ काचा काढून नाचवल्या.

काकांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "म्हणजे माझे डोळे धड आहेत?"

"ठणठणीत."

काकांनी त्याचा हात हातात घेतला. "फार बरं झालं रे बाबा." आणि त्या निर्लज्जाने मान तुकवून आभार घेतलेसुद्धा.

मग काका खाली बसले. म्हणाले, "तीन आठवडे मी घरी डोळ्यांना रुमाल बांधून जेवतोय. सवय असावी म्हणून. बायको सांगते, पाणी डावीकडे, भाजी उजवीकडे. सांगता सांगता रडते. आज सकाळी बाईंना राजीनामा दिला."

कुणी हसलं नाही. "अहो काका, गंमत होती," फिरकी म्हणाला. एवढं म्हटलं की त्याचे हात धुऊन होतात.

बाईंनी राजीनामा आणून तिथेच फाडला. काकांनी मूळ काचा स्वतः बसवल्या, चष्मा लावला आणि एकेकाकडे पाहिलं. शेवटी माझ्याकडे.

"पोरी, तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मी रेघ विचारायचो तेव्हाही?"

"हो."

ट्रेमधले उरलेले अकरा चष्मे त्यांनी तपासले, एक फिरकीच्या टेबलावर परत ठेवला आणि गेले. ते पुन्हा आले नाहीत. बाई दोनदा घरी जाऊन आल्या. काकांनी चहा पाजला आणि नको म्हणाले.

फिरकी अजून आहे. काचा चांगल्या कापतो म्हणून बाईंनी ठेवलाय. हा किस्सा तो येईल त्याला सांगतो, काचा नाचवल्या तिथपर्यंत. पुढचं सांगायची छाती नाही.

काकांचं टेबल आता माझ्याकडे आलंय. मलाही चष्मा आहे. दर सोमवारी जेवण झालं की मी तो आधी यंत्रात घालून बघते.