गाड्यांच्या वेळा लावणारा

पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत माझ्या शेजारी बसायचा तो मुखेडचा, मी लातूरचा. परदेशातल्या एका दवाखान्याचं काम आमच्याकडं होतं. डायलिसिसच्या रुग्णांना घरून आणायच्या आणि परत सोडायच्या गाड्यांच्या वेळा आमचा प्रोग्राम लावायचा. ते रुग्ण आम्ही कधी पाहिले नाहीत. आमच्यापर्यंत यायच्या त्या फक्त तक्रारी.

एका तक्रारीत त्यानं वाचलं, की एकटी राहणारी एक म्हातारी डायलिसिस झाल्यावर गाडीची वाट बघत थंडीत बसून राहिली होती.

"आपल्या मायला असं बसवलं असतं का रे?" तो म्हणाला.

एकट्या राहणाऱ्यांना आधी घरी सोडायचं, असा बदल त्यानं सुचवला. साहेब चिडले. "मागितलंय तेवढंच करा." पण हा मागंच लागला. दहादा करून दाखवलं, तेव्हा कुठं तो बदल मान्य झाला. त्या दिवशी त्यानं सगळ्यांना चहा पाजला. इतका खूश मी त्याला नंतर कधी पाहिला नाही.

पुढं माणसं कमी करायची ठरली आणि त्यात तो गेला. दुसरीकडं बरेच हातपाय मारले, काही जमलं नाही. शेवटी मुखेडला वडिलांच्या बी-बियाण्याच्या दुकानात जाऊन बसला.

त्यानंतर एका मीटिंगमध्ये त्या दवाखान्याचं काम बघणाऱ्या बाई पडद्यावर आल्या. इंग्रजीत म्हणाल्या, "एकट्या रुग्णांना आधी सोडायचं कुणाला सुचलं? लोक फार आभार मानतात."

"आमच्या टीमला," साहेब म्हणाले.

मी मध्येच त्याचं नाव सांगितलं. "ते आता इथं नसतात," म्हणून साहेबांनी विषय पुढं नेला.

सुट्टीत लातूरला आलो, तसा एसटीनं मुखेडला गेलो. तो गिऱ्हाइकाला सोयाबीनची पिशवी देत होता. गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तो खाली बसला.

"मी होतो तवा का नाही सांगितलं रे कुणी?" तो म्हणाला. "मला वाटायचं, आपल्या कामाचा कुणाला काही उपयोगच न्हाई, म्हणून काढलं."

"परत ये. मी कुठंतरी शब्द टाकतो."

"न्हाई गड्या. आता त्यात जीव लागत न्हाई."

आतून त्याचे वडील आले. "काय म्हणतात दोस्त?"

"काही न्हाई बाबा. माझं जुनं काम चांगलं झालतं, ते सांगायला आला."

"एवढ्यासाठी लातूरहून आलात?" वडील हसले आणि चहा सांगायला गेले. तो उठला आणि पाठमोरा होऊन फळीवरची पाकिटं लावत राहिला. लावलेलीच होती ती.

अजून आमचं फोनवर बोलणं होतं. पावसाचं, दुकानाचं, त्याच्या लेकीच्या शाळेचं. त्या कामाचं तो विचारत नाही, आणि मीही तो विषय काढत नाही.