मिरचीवाल्या गुरम्माच्या पायातल्या मुंग्या

उदगीरच्या बाजारात मिरची कांडायच्या गिरण्या चार-पाच आहेत, पण "गुरम्माकडून कांडून आणलंय" म्हटलं की तिखटाला पुढं कुणी नाव ठेवत नाही. तीस वर्षं ती आणि नवरा बसलिंगप्पा ही गिरणी चालवतात. गिऱ्हाईक दारात आलं की शिंकतं, दोन पावलं आत आलं की रडतं, आणि गुरम्मा त्या लाल धुरळ्यात बसून निवांत चहा पिते. बसलिंगप्पा सांगतो, बायकोला खरोखर रडताना त्यानं एकदाच पाहिलं, लेकीला सासरी धाडताना. त्या दिवशी गिरणी बंद होती, त्यामुळं मिरचीवर ढकलता आलं नाही.

अशा बाईला अठ्ठावन्नाव्या वर्षी छातीत गाठ निघाली. लातूरला ऑपरेशन झालं, मग किमो सुरू झाली. केस गेले तर गुरम्मानं डोक्यावरून पदर घेतला. तो ती आधीही घेतच होती, त्यामुळं अर्ध्या गल्लीला पत्ताच लागला नाही. उलट्या झाल्या, तोंडाची चव गेली, तिनं सगळं सोसलं. गाठ हरली. पण किमो संपता संपता पायात मुंग्या आल्या, त्या मुक्कामालाच राहिल्या.

"साध्या मुंग्या न्हाईत," ती फरीदाला सांगायची. "तांबड्या. चावऱ्या. आन् मधीच सगळ्या कुठं जेवायला जातात कुणास ठाऊक. तवा पाय हाय का न्हाई तेबी कळत न्हाई."

फरीदाचं बांगड्यांचं दुकान गिरणीला लागून. भिंत एक, गप्पा एक, आणि भांडण झालं तर तेही भिंतीवरूनच. मैत्रिणीचे पाय बरे करायचा तिनं चंगच बांधला. पहिल्या आठवड्यात तळव्यांना मेहंदी थापली. पाय नवरीसारखे रंगले, मुंग्या जागच्या जागी. मग एरंडाची पानं बांधून झाली. मग बसलिंगप्पा हिमायतनगरहून कसल्याशा मुळीची पूड घेऊन आला. ती खाल्ल्यावर गुरम्मा दोन दिवस संडासातच राहायला गेली.

"पायाची मुंगी पोटातून निघती व्हय?" तिनं आतूनच विचारलं. बसलिंगप्पानं उरलेली पूड गुपचूप उकिरड्यावर टाकली.

पुढच्या तपासणीला ती लातूरला गेली, फरीदाही सोबत होती. डॉक्टरीणबाई अंबिका वयानं तिच्या लेकीएवढी. तिनं पुडीची हकीकत ऐकली आणि डोक्यालाच हात लावला.

"मावशी, मला विचारल्याबिगर झाडपाला पोटात घ्यायचा नाही. तुमच्या औषधांशी त्याचं भांडण होऊ शकतं."

"मग झाडपाल्यात काय दमच न्हाई म्हना की."

"तसं नाही. तुमच्या किमोतलं एक औषध मुळात झाडाच्या सालीतूनच सापडलेलं. त्यानं गाठीला मारलं, पण नसांची टोकंही दुखावली. म्हणून मुंग्या. आता त्या कमी करायला झाडांतलेच पदार्थ शोधतायत. हळदीतला एक घटक उंदरांवर तपासलाय."

गुरम्मानं बोटांवर हिशेब केला. "म्हंजे झाडानंच मारलं आन् झाडालाच दवा विचारून राहिले." मग तिच्या मनात दुसरंच आलं. "पर बाई, उंदराच्या पायाला मुंग्या आल्या हे त्येंला कळलं कसं? त्यो बोलला?"

डॉक्टरीणबाईला हसू आवरेना. तिनं नसांसाठी गोळ्या लिहून दिल्या आणि जाता जाता, तिला नंतर ज्याचा फार पश्चात्ताप झाला, ते वाक्य बोलली: "गोळ्यांनी भागलं नाही तर मलम बघू. मिरचीतल्या तिखटापासूनच करतात ते."

झालं. परतीच्या बसमध्ये गुरम्मा ताठ मानेनं बसली होती. तीस वर्षं जिच्या घरात पोत्यांनी मिरची, तिनं मिरचीच्या मलमासाठी लातूरला यायचं? फरीदा म्हणाली, "अगं, डॉक्टरीणबाई 'बघू' म्हणाली, 'कर' न्हाई म्हणाली." पण तोवर गुरम्माचं मनातल्या मनात कांडप सुरूही झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बसलिंगप्पा जेवून लवंडलेला बघून तिनं लवंगी मिरचीची वस्त्रगाळ पूड करडीच्या तेलात कालवली आणि दोन्ही तळव्यांना घोट्यापर्यंत चोपडली. वरून जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. पाच मिनिटं काहीच झालं नाही. तिला वाटलं, घरचा माल जरा फिकाच निघाला. म्हणून आणखी एक थर दिला.

मग मिरची जागी झाली.

"अय्यय्यो!" ही आरोळी फरीदाच्या दुकानात पोचली तेव्हा ती एका गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरत होती. गिऱ्हाइकाचा हात मुठीत तसाच धरून ती धावली, आणि हात सोडवता न आल्यानं गिऱ्हाईकही मागोमाग धावलं. आत गुरम्मा उंबऱ्यावर बसून पाय हवेत झाडत होती.

"पाणी घाल, पाणी!"

पाणी घातलं, तर आग वर पिंढरीकडं निघाली. गुरम्मानं कपाळावरचा घाम त्याच हातानं पुसला आणि मग डोळेही त्या कारभारात सामील झाले. बसलिंगप्पा उठून आला, बायको ढसाढसा रडतेय हे बघून तोही रडायला लागला, ती का रडतेय ते न विचारताच.

"अप्पा, रडता कशाला, दही कुठंय?" फरीदा ओरडली.

दही होतं. दुसऱ्या दिवशी मठात महाप्रसाद होता, त्याच्या कढीसाठी मोठं पातेलंभर विरजण लावून ठेवलेलं. बसलिंगप्पानं ते दोन्ही हातांनी कवटाळलं. "ह्ये देवाचं हाय!"

"देवाचे पाय न्हाईत जळत, तिचे जळून राहिलेत!"

गुरम्माचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत दह्यात गेले आणि तिच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की फरीदामागं ओढत आलेल्या गिऱ्हाइकानंसुद्धा हुश्श केलं. तासाभरानं ती म्हणाली, "एक खरं सांगू? मुंग्या गेल्या."

"जातील न्हाई तर काय," फरीदा म्हणाली. "घराला आग लागल्यावर मुंग्या थांबतात व्हय?"

संध्याकाळपर्यंत मुंग्या परत आल्या. मठात कढीऐवजी आमटी झाली. कारण विचारलं तेव्हा बसलिंगप्पा खोटं बोलला, "दही नासलं," आणि ते तसं पाहिलं तर खोटं नव्हतंच.

दोन दिवसांनी लातूरला पाय दाखवले, तर डॉक्टरीणबाई रागावली. तळवे पुरते लाल होते, तरी नशीब, फोड आले नव्हते. "मलमात तिखट मोजून घातलेलं असतं, मावशी. नसेला रोज थोडं थोडं चिमटून दमवायचं, म्हणजे ती दुखायची बातमी पाठवणं सोडते. तुम्ही तर तिला जाळायलाच निघालात! आणि मलमही सगळ्यांना लागू पडतंच असं नाही." मग तिनं कागद पुढं ओढला. "आता सांगा, शून्य ते दहा, किती दुखतं?"

"आकड्यात न्हाई जमत. मिरचीत सांगू?"

"सांगा."

"ढोबळी म्हंजे काय न्हाई. ब्याडगी, रंग दिसतो पर चटका कमी. मग संकेश्वरी, मग गुंटूर. लवंगी म्हंजे देवा उचल. सकाळी ब्याडगी असती, चाललं की गुंटूर."

डॉक्टरीणबाईनं ते तसंच्या तसं लिहून घेतलं. पाय निवल्यावर मोजून मलम दिलं, हातमोजे घालून पातळ लावायचं आणि डोळ्यांजवळ हात न्यायचा नाही, असं तीनदा बजावलं. गोळ्या चालूच राहिल्या. दीड महिन्यानं गुरम्मानं कळवलं, "संकेश्वरीवर आलंय." तिसऱ्या महिन्यात दिवसभर ब्याडगी. मलमानं की गोळीनं की नुसता काळ लोटल्यानं, हे डॉक्टरीणबाईलाही छातीठोक सांगता येईना. पण बाहेर बाकावर बसलेला मुदखेडचा एक म्हातारा दुसऱ्याला "आज माझं गुंटूर" सांगताना तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

बधिरपणा मात्र राहिला. एकदा चप्पल वाटेत निसटली आणि गुरम्मा भर बाजारातून एक पाय अनवाणी घरी आली, तळव्यात काटा, आणि तिला खबरच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, बंद बूट घाला. नऊवारीवर बूट! पण फरीदानं तिला ओढत बुटांच्या दुकानात नेलं. गुरम्माचा पाय एवढासा, बायकांच्या मापात काही बसेना. शेवटी दुकानदारानं लहान पोरींचे गुलाबी बूट काढले, चिकटपट्टीचे, टाच टेकली की लाल दिवा लागायचा.

"ह्ये घालून मी चालू? माझं वय काय!"

"चालून तर बघ."

गुरम्मा चार पावलं चालली. लुकलुक, लुकलुक. ती थांबली, खाली वाकून बघत राहिली. मग पुन्हा चालली.

"फरीदा," ती हळूच म्हणाली, "पाय टेकला का न्हाई, ह्ये आता दिसतंय गं."

बूट घालूनच ती दुकानाबाहेर पडली. भाजीवाले, रिक्षावाले, मठाचे स्वामीजी, सगळे वळून वळून बघत होते. गुरम्मानं नऊवारीचा काठ बोटभर वर उचलला, दिवे नीट दिसावेत म्हणून.