पाण्याचा तह

आमच्या मजल्यावरच्या सरांइतका परराष्ट्र धोरण जगलेला माणूस दिल्लीतही सापडणार नाही. आयुष्यभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून ते एव्हरशाईन सिटीत राहायला आले आणि आमच्या इमारतीकडे देश म्हणूनच बघू लागले. कुठल्या सासू-सुनेच्या भांडणात त्यांना कुणी ओढलं, तर म्हणायचे, "मी अलिप्त आहे, तटस्थ नव्हे. तटस्थ माणूस घरी बसतो, अलिप्त माणूस दोघींकडे चहा पितो." आणि खरंच प्यायचे. समोरच्यांशी बिनसलं तेव्हा त्यांनी राजदूत परत बोलावला, म्हणजे तिकडे गप्पा मारत बसलेल्या बायकोला हाक मारली. "मटार सोलून झाले की येते," असं राजदूतानं कळवलं.

मग एका मे महिन्यात आमचं बोअरिंग आटलं आणि टँकरही येईनासा झाला. शेजारच्या इमारतीच्या बोअरिंगला मात्र पाणी होतं. त्यांच्याशी आमचं जुनं वाकडं. मधलं फाटक आम्ही हट्टानं कुलूप घालून बंद केलं होतं, त्यामुळे त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावर यायला मोठा वळसा पडायचा. आमची तरुण पोरं त्यांचा पाइप तोडायला निघाली, तेव्हा सर आडवे आले. "युद्ध हेही साधनच आहे, पण शेवटचं. आधी मला बोलू द्या."

ते रोज संध्याकाळी तिकडे जाऊ लागले. सुरुवातीला त्यांना कुणी 'बसा'सुद्धा म्हटलं नाही. शेवटी तिथल्या एक काकू म्हणाल्या, "पाणी देऊ, पण फाटक उघडाल का?" सरांनी मीटिंगमध्ये हे सांगितलं, तर आमचेच लोक अडून बसले. आधी पाणी, मग फाटक.

"कुणीतरी आधी विश्वास ठेवायला हवा," एवढंच सर बोलले. दुसऱ्या सकाळी त्यांनी हातोडीनं कुलूप फोडलं आणि फाटक पुन्हा कुणी लावू नये म्हणून त्याला टेकून खुर्ची टाकली. ऊन चढलं. लोक वाट्टेल ते बोलले. चेअरमननी विचारलं, "सर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"आपल्याच. म्हणून तर उठत नाही."

संध्याकाळी तिकडून आमच्या टाकीत पाइप आला.

काही वर्षांनी नळाचं पाणी आलं. सर मुलीकडे पुण्याला जायला निघाले, तेव्हा मला म्हणाले, "आता गरज संपली. गरज संपली की लोक बोलायचे थांबतात, तेवढं सांभाळा." मी हो म्हटलं होतं. आज शेजारच्या इमारतीतल्या एकाही माणसाचं नाव मला सांगता येणार नाही.