अक्कांचं मनगट

रविवारची दुपार. हेमलता दिवाणावर आडवी झाली आहे, पण डोळा लागत नाही, कारण ती स्वतःवरच चिडलेली आहे. सकाळी काट्यानं चौऱ्याऐंशी किलो दाखवलं. दोन महिन्यांपूर्वीही चौऱ्याऐंशीच होतं. दोन महिने तिनं भाताकडं बघितलेलं नाही, रात्री एका भाकरीवर भागवलं, दुखऱ्या गुडघ्यांनी रोज कराडच्या घाटापर्यंत चालत गेली. आधी दहा किलो उतरवा, मग गुडघ्यांचं बोलू, असं डॉक्टर म्हणालेत. आणि आज काट्यावरून उतरून ती तडक स्वयंपाकघरात गेली, शेजारच्या बारशाचे चार बेसनलाडू तिनं उभ्याउभ्या संपवले. चौथा तर जातही नव्हता.

पंख्याचा आवाज हळूहळू वाहत्या पाण्यासारखा व्हायला लागतो. दिवाणाच्या कडेला कुणीतरी येऊन बसतं. इंदुमती अक्का, तिच्या थोरल्या जाऊबाई. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. नेसूची साडी चापूनचोपून, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट.

"उठतेस ना?" अक्का विचारतात.

"कुठं जायचं?"

"फिरायला. आणि कुठं?"

हेमलता उठते. गुडघे दुखत नाहीत, आणि त्याचं तिला नवलही वाटत नाही. स्वयंपाकघराच्या दारातून दोघी बाहेर पडतात, तर समोर कृष्णेचा घाट आहे, पण पायऱ्यांना घरातलीच फरशी. अक्का नेहमीसारख्या दोन पावलं पुढं. वीस वर्षं त्या अशाच रोज चालल्या. जेवणात अर्धी वाटी भात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा एकच जिलेबी. आणि साठीच्या आत पोटाच्या कॅन्सरनं चार महिन्यांत गेल्या.

हेमलता मधल्याच पायरीवर थांबते.

"मी नाही येत, अक्का. तुम्हाला तरी काय उपयोग झाला? सगळं पाळलंत आणि गेलात. भाऊजी तीन-तीन चमचे साखरेचा चहा पितात, ते ठणठणीत आहेत."

अक्का वळतात. "मरू नये म्हणून नव्हते गं चालत. घरात बारा माणसं. सकाळचा तेवढा एक तास मला कुणी हाक मारत नव्हतं."

"आणि जिलेबी?"

"ती मला आवडायचीच नाही. तुम्हीच सगळ्या कौतुक करत बसायचात."

हेमलताला आणखीच राग येतो. वीस वर्षं जिचं उदाहरण ऐकत आली, तिला मुळात जिलेबी नकोच होती. ती काही बोलणार, तोवर पायऱ्या संपतात आणि पुढं दवाखान्यातली खाट असते. अक्का बुटांसकट खाटेवर आडव्या होतात. चादरीवरचं मनगट काडीसारखं आहे आणि बांगड्या पंज्यापर्यंत घसरल्या आहेत.

हेमलता उशाशी बसते. दोन वर्षं कुणाला न सांगितलेलं तिच्या तोंडून निघतं.

"त्या दिवशी सगळे रडत होते. मी या मनगटाकडं बघत होते. क्षणभर मला हेवा वाटला, अक्का."

"मला दिसलं होतं."

"मग बोललात का नाही?"

"बोलायला ताकद कुठं होती? मला भूक लागायची गं. पोटात काही ठरत नव्हतं, आणि तू मनगट बघत होतीस. फार राग आला होता तुझा."

"अजून आहे?"

"थोडा."

हेमलता मान खाली घालते. "मी तरी काय करू? तीनदा वजन उतरवलं, तीनदा परत चढलं. मला नाही जमत हे."

"चालणं तुला आवडतच नाही. माझं बघून कशाला चालतेस? माहेरी विहिरीत पोहायचीस ना?"

"हे अंग घेऊन तलावावर जाऊ? लोक काय म्हणतील?"

"मी साडीवर बूट घालून निघाले, तेव्हा महिनाभर हसले लोक. मग त्यांना हसायला दुसरं कुणीतरी सापडलं."

खाट नाही. दोघी एका शेताच्या बांधावर बसल्या आहेत आणि अक्कांच्या ओच्यात हरभऱ्याचे डहाळे. त्या एक डहाळा हेमलताच्या हातात देतात. पाला दवानं ओला आहे, बोटांना चिकटतो.

"हे खाल्लं तर चालतं का?" हेमलता सवयीनं विचारते.

"भूक लागलीय का?"

"लागलीय."

"मग खा की. बसून, सावकाश खा."

ती घाटे सोलत राहते. कोवळे दाणे, गोडसर. दुसरा डहाळा मागायला ती मान वर करते, तर बांधावर एकटीच आहे.

"हेमा, चहा ठेवू का?"

तिचे यजमान आनंदराव दारात उभे आहेत. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं आहे. हेमलता उठून बसते, गुडघा कटकन वाजतो. घशाशी बेसन अजून आहेच.

"पोहायच्या तलावावर बायकांची वेळ कधी असते?" ती विचारते.

"कुणाला जायचंय?"

"मला."

आनंदराव तिचा चेहरा बघतात आणि आत जातात. चहाचं भांडं वाजतं. हेमलता कपाळावरचे केस मागे सारते, तर बोटं केसांना चिकटतात. ती बोटं बघते. नखांच्या कडा हिरव्या झाल्या आहेत. हळूच एक बोट जिभेला लावते. आंबट लागतं, हरभऱ्याच्या पाल्यासारखं आंबट, खारट.