कोंडवाड्यातला सिरिल

सिरिल मॉल्डन तेव्हा बारा वर्षांचा होता, आणि अंगाने चांगलाच गुबगुबीत. त्या शनिवारी त्याला एकच गोष्ट हवी होती. थोरल्या भावाच्या, गॉर्डनच्या शेजारी उभं राहून फुटबॉलचा अख्खा सामना बघायचा. गॉर्डन त्याच संध्याकाळी ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर चढणार होता. लिव्हरपूलच्या गोदीतून गेलेली माणसं परत येतीलच असं कुणी धरून चालत नसे.

पण चौदाच्या आतल्या पोराला आमच्या मैदानावर मोठ्यांत सोडत नसत. त्यांच्यासाठी कोपऱ्यात लोखंडी गजांचा कोंडवाडा होता. आत दोनेकशे पोरं आणि दाराशी म्हातारा टनिक्लिफ.

"काका, आजच्या दिवस सोडा ना. माझा भाऊ चाललाय."

"गेल्या शनिवारी तुझी आजी वारली होती. त्याच्या आधीच्याही शनिवारी वारली होती. चल, आत हो."

वाळकी पोरं गजांमधून सटकत. त्यांचा नेम ठरलेला, डोकं गेलं की अंग जातं. सिरिलचं डोकं गेलं. खांदे काही जाईनात. मागे घ्यावं तर कान आडवे.

"ढोल्या, सकाळी लापशी किती हाणलीस रे?" पोरं मागून ओरडली. एकाने ढकलून पाहिलं, दोघांनी पाय धरून ओढलं. सिरिल होता तिथेच. मान अशी वाकलेली, की मैदान राहिलं बाजूला, त्याला नुसती लोकांच्या कोटांची बटणं दिसत होती.

कोंडवाड्यात कुणीतरी अडकलंय, ही बातमी मध्यंतरात हसत हसत सगळीकडे पोचली. कोण ते गॉर्डनला विचारावं लागलं नाही.

"काय रे धाकल्या, हे काय?"

"तुझ्याजवळ यायचं होतं."

"आलास की. अर्धा आलास."

मग गॉर्डनने त्याच्या कानाशी वाकून सामना सांगायला घेतला. कोण पडलं, कोण लंगडतोय, पंच किती आंधळा आहे, सगळं. सिरिल बटणांकडे बघत ऐकत होता.

शेवटची वीस मिनिटं उरली की लवकर निघणाऱ्यांसाठी मोठे दरवाजे उघडत. ते करकरले.

"उजवीकडून निघालाय बघ, एकाला चकवलं..." गॉर्डन थांबला. "निघतो रे. बोट माझ्यासाठी थांबायची नाही."

"अरे, पुढे काय झालं?"

"पुढचं तू कळव. पत्रात."

त्याने सिरिलच्या डोक्यावर टप्पल मारली. सिरिलला मान वळवता येईना. शेकडो बुटांच्या आवाजातला त्याचा कुठला, तेही कळेना. एवढ्यात सगळं मैदान ओरडलं. गोल झाला होता.

सामना संपल्यावर टनिक्लिफने चहावाल्याकडची पावाला लावायची चरबी आणून कानांना चोळली आणि त्याला ओढून काढलं. कोंडवाड्याच्याच बाजूला.

वाटेतल्या पोर्ट सईद बंदरातून गॉर्डनचं पत्र आलं, शेवट कसा झाला? सिरिलने पेपरात वाचलेलं सगळं लिहिलं आणि खाली जोडलं, 'तू गेलास आणि मी लगेच सुटलो. तुझ्याच जागेवर उभा राहून पाहिलं.'

पुढे सिरिलने गोदीवरच्या साखरेच्या गोदामात एकेचाळीस वर्षं काढली. गॉर्डन परत आलाच नाही, तिकडेच वारला. तोवर दोघांची पत्रं चालू होती, पण हे खोटं काही सिरिलने दुरुस्त केलं नाही.

"खरं सांगायला तुमचं काय जात होतं?" बायकोने एकदा विचारलंच.

"वा!" सिरिल म्हणाला. "म्हणजे मी अजून तिथेच अडकलोय, असं त्याला जन्मभर वाटलं असतं."