आईची नक्कल

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत, लिंबायतच्या कापड विणायच्या लूम कारखान्यात माझं आणि माझ्या एका मित्राचं मशीन शेजारी-शेजारी होतं. लूम चालू असले की ओरडलेलंही ऐकू यायचं नाही, म्हणून तो हातांनी आणि भुवयांनी बोलायचा. कापड तपासताना शेठ चष्मा कसा कपाळावर चढवतो, थुंकायला देखरेखीवरचा मास्तर कोपरा कसा शोधतो, अशा नकला तो तिथेच करायचा. हसण्याच्या नादात माझं तुटलेल्या धाग्याकडे लक्ष राहायचं नाही. त्या काळी रिक्षा-रिक्षांत मिमिक्रीच्या कॅसेटी वाजायच्या. याचीही एक दिवस निघणार, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो.

मी बौद्ध, तो नाही. पण चार वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. आमच्यात तिसरा एक होता, धुळ्याकडचा, कमी बोलणारा. तो माझ्या घरी आला की पाणी घ्यायचा नाही. ‘आत्ताच प्यालो’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्यावरून नकलाकार त्याला माझ्यादेखत झापायचा. आपला माणूस कोण, याचा मला कधी विचार करावा लागला नाही.

एकदा त्याच्या खोलीवर बसलो असताना मी त्याला भाड्याची खोली शोधल्याची गोष्ट सांगितली. सुरतेत नवे आलो तेव्हा मी आणि आई खोली बघायला गेलो होतो. घरमालकीण खानदेशचीच. तिनं बसायला चटई टाकली, पाणी दिलं, आणि मग हसतच विचारलं, “आडनाव काय शे तुमनं?” आईनं सांगितलं. बाईंना एकदम आठवलं की खोली कालच दिली. आम्ही गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मागून राखेनं पेला घासल्याचा आवाज येत होता. आई अडखळत, पदर सावरत भराभर चालत राहिली.

त्यानं ऐकलं आणि उठून ती बाई केली. पेला घासतेय, वास घेतेय, परत घासतेय, शेवटी पेल्याला भोक पडलं आणि त्यातून ती आमच्याकडे बघतेय. मी पोट धरून हसलो. इतकी वर्षं छातीत बसलेलं काहीतरी त्या दिवशी हललं.

“हे गणपतीत करतो,” तो म्हणाला. “लोकांना कळू दे.”

कार्यक्रम सुटीच्या दिवशी, दुपारी होता. ‘चल, गंमत आहे’ म्हणून मी आईला घेऊन गेलो. कशाची गंमत, ते सांगितलं नाही.

सुरुवातीला शेठ आणि मास्तर झाले. मांडव हसत होता. मग ती बाई आली. आडनाव विचारलं गेलं आणि हसू थांबलं. पुढच्या रांगेतल्या दोन बायका उठल्या. मंडळाचा एक जण मोठ्यानं म्हणाला, “ए, आपल्याच माणसांची काय उडवतो रे?”

तो क्षणभर थांबला. मग त्यानं पेला खाली ठेवला, खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला आणि माझी आई झाला. ते अडखळणं, पदर ओढणं, भेदरून चालणं. आडनाव सांगताना तोंडातून शब्द फुटेना, म्हणून त्यानं नुसती चोरासारखी मान खाली घातली. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. उठलेल्या बायकाही परत बसल्या.

आई माझ्या शेजारी हसत होती. सगळे हसत होते तेवढंच, तेवढाच वेळ. पदराला मात्र तिनं हात लावला नाही.

तिसरा मित्र उठला आणि कुणाकडे न बघता मांडवाबाहेर गेला. मला तेवढंही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या दारात नकलाकाराला गाठलं. “ती माझी आई होती.”

“नाव घेतलं का मी?” तो म्हणाला. “लोक उठून चालले होते, भो. काय करू मग? आणि खोलीत तूच तर लोळून हसलास.”

“तेव्हा तू तिला हसत नव्हतास.”

“कॉमेडी आहे रे. तुम्ही लोक फार मनाला लावून घेता.”

तुम्ही लोक. चार वर्षांत हे शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. इतके सहज आले, की ते कायम तिथेच असणार.

मी दुसऱ्या खात्यात लूम मागून घेतला. त्याला पुढल्या वर्षी आणखी दोन मंडळांनी बोलावलं. तीच नक्कल लोक मागून घेतात, असं कानावर आलं. तिसरा मात्र जाता-येता माझ्याबरोबर चालायचा.

त्या दिवशी कार्यक्रमाहून परतताना, घराकडे डिंडोलीच्या रस्त्याला लागल्यावर आईनं विचारलं, “त्याला कुणी सांगितलं रे हे?”

मी म्हणालो, “कोण जाणे.”

तिनं पुन्हा विचारलं नाही. तिला माहीत होतं, त्या घरी आम्ही दोघंच गेलो होतो.