पाइपाला उणे

जमिनीखालचं लोखंड गंजू नये म्हणून त्याला वीज देतात, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. "विजेनं कधी कुणाचं भलं झालंय?" म्हणायची. पण दक्षिणेतल्या गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात माझी नोकरीच ती होती. पेट्रोलसारखं भडकणारं सॉल्व्हंट नेणारा पाइप आमच्या कँटीनखालून जायचा. विजेच्या पेटीची मायनस तार पाइपाला जोडायची, प्लस तार मातीत पुरलेल्या सळ्यांना. मग पाइपाऐवजी सळ्या झिजतात. तारांची अदलाबदल झाली, तर तीच वीज पाइप खाते.

फेब्रुवारीत मी पाइपाला मीटर लावला. आकडा साफ उलटा. पेटीवरचा काटा मात्र साळसूदपणे जागच्या जागी. पेटीवर दसऱ्याच्या आयुधपूजेचं वाळलेलं चंदन-कुंकू अजून होतं.

आमचे फोरमन तंजावरकडचे मराठी. मी त्यांना मामा म्हणायची.

"मामा, पूजेला तारा सोडल्या होत्या?"

"सोडल्या, पुसल्या, नीट लाविल्या," मामा म्हणाले. प्लस-मायनसला ते अधिक-उणे म्हणत. "कोण्या मूर्खानं पाइपास उणे दिलं होतं, अम्मा. ज्यास जपायचं त्यास उणे देतात काय?"

संताप आला, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून रडूही आलं. दसऱ्यापासून या माणसाच्या मायेनं पाइप कुरतडला जात होता.

मी पेटी बंद केली. कँटीनच्या भिंतीलगत खणायला लावलं. माती निघाली तसे पाइपावर खड्डे दिसले, करंगळीचं टोक बसेल एवढे. भिंतीपलीकडे, फरशीखाली काय झालं असेल ते सांगायला नकोच. व्हॉल्व्ह बंद करा म्हणून मी ओरडले, आणि मामा कँटीनकडे धावत सुटले. तिथला स्वयंपाक मामीच करायच्या. मीही मागोमाग पळाले.

मामी दारातच भेटल्या. हातात धुपाटणं होतं.

"चूल?" मामांना धाप लागली होती.

"विझविली कधीच. जेवणं झाली की."

"आत वास येतो काय कसला?"

"येतो. पोंगलपासून येतो. गटाराचा असंल." मामींनी निखाऱ्यांवर फुंकर घातली. "म्हणून तर रोज सांब्राणीचा धूप फिरविते."

त्या आत वळल्या. मामांनी त्यांचा दंड धरला आणि आपला उघडा तळवा त्या निखाऱ्यांवर दाबून धरला.